आवड आणि सवड



माझ्यासारख्या माणसाला उभे राहून बोलण्याचा सराव आहे. परंतु तो बहुधा सट्टेदाराच्या दारापुढे किंवा कचेरीच्या पायरीवर. तेथे विषय शोधावा लागत नाही. मजुरी, बोनस आणि भविष्यनिर्वाह निधी यांच्या बाहेर आमची गाडी सहसा जात नाही. म्हणून व्याख्यानमालेच्या चालकांनी "या वर्षी तुमच्या मनाचा विषय घ्या" असे सुचविले, तेव्हा मी सांगितलेला विषय ऐकून ते क्षणभर गप्प झाले. मी म्हटले, "दूरचित्रवाणीवरच्या विलायती मालिका सरस की अमेरिकन, यावर बोलतो." बिडी कामगारांच्या संघटनेत तीस वर्षे घासलेल्या गृहस्थाला पन्नाशीनंतर हे काय सुचले, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

हा विषय मी पुस्तकातून उचललेला नाही. तो माझ्या घरातल्या भांडणातून आला आहे. आमच्या घरी माणसे तीन आणि आवडी तीन. मला विलायती मालिका आवडतात. माझा मुलगा नागपूरला एका गोदामात पाळीवर काम करतो. तो सुटीवर आला की अमेरिकन मालिका लावतो. आणि आमच्या मंडळींना या दोन्हींशी कर्तव्य नाही; संध्याकाळची मराठी मालिका लागली की बाकीच्यांनी तोंड मिटून बसावे, हा घरचा कायदा. आपल्याकडे म्हण आहे, आवड असली की सवड मिळते. पुष्कळ वर्षे मीही ती म्हण इतरांच्या तोंडावर फेकत आलो. आज मला ती उलटी करून आपल्यापुढे ठेवायची आहे.

प्रथम माझी आवड सांगतो. माझे इंग्रजी शाळेतले नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे इंग्रजी शब्दकोश आणि कामगार कायद्याची पुस्तके यांच्या आधाराने उभे केलेले. आमच्या संघटनेचे खटले पाहणाऱ्या एका वकीलसाहेबांनी बऱ्याच वर्षांपूर्वी मला 'येस मिनिस्टर' नावाची मालिका दिली. ती बी.बी.सी.ने १९८० ते १९८४ या काळात दाखविली. एक मंत्री, त्याचा सचिव आणि एक खासगी सचिव, एवढ्या तिघांवर सारा खेळ. मंत्री काही करू पाहतो आणि सचिव अतिशय अदबीने ते होऊ देत नाही. ज्याने आयुष्यात शंभर अर्ज लिहिले आणि 'आपले पत्र योग्य कार्यवाहीसाठी पुढे पाठविण्यात आले आहे' अशी शंभर उत्तरे वाचली, त्याला ही मालिका समजावून द्यावी लागत नाही. पुढे २००१ साली हिंदीत 'जी मंत्रीजी' या नावाने तिचा अवतार झाला आणि त्यात फारूख शेख यांनी मंत्र्याचे काम केले, हे आपल्यापैकी काहींना आठवत असेल.

त्या मालिकेच्या एका भागात एक नवे रुग्णालय आहे. इमारत चकचकीत, प्रशासनाचे कर्मचारी पाचशे, आणि रोगी एकही नाही. रोगी नसल्यामुळेच ते स्वच्छतेच्या पारितोषिकाच्या शर्यतीत आहे! मी हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिलो. पण त्याच भागात कामगार संघटनेचा एक पुढारी येतो आणि त्याचीही तितकीच टर उडविली जाते. तेथे माझे हसू अर्ध्यावर थांबले. पुढे एका पुस्तकात वाचले की ही मालिका मार्गारेट थॅचर बाईंची फार आवडती होती. म्हणजे मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभर चाललेला खाणकामगारांचा संप ज्या पंतप्रधानांनी मोडून काढला, त्या बाईंची आणि भंडारा-गोंदियाच्या बिडी कामगारांच्या या कार्यकर्त्याची आवड एकच निघाली! तेव्हापासून मी एक धडा घेतला आहे: एखाद्याच्या आवडीवरून तो कोणाच्या बाजूचा आहे हे ठरवू नये.

आता मुलाची आवड पाहा. मूळ विलायती असलेली 'द ऑफिस' ही मालिका नंतर अमेरिकेत नव्याने केली गेली. दोन्हीकडे कागद विकणारी एक कंपनी, तिचे एक सामान्य कार्यालय, आणि आपण फार लाडके आहोत असा गैरसमज असलेला एक वरिष्ठ. विलायतेत २००१ ते २००३ या काळात तिचे बारा भाग झाले, वर नाताळचे दोन. विषय संपला, मालिका संपली. अमेरिकेत तीच मालिका २००५ साली सुरू होऊन २०१३ पर्यंत चालली आणि भाग झाले दोनशे एक. मी मुलाला म्हणालो, "जे चौदा भागांत सांगून झाले त्याला दोनशे भाग कशाला?" तो म्हणाला, "बाबा, चौदा भाग तर एका आठवड्यात संपतात. मग रात्री पाळीवरून आल्यावर मी कोणाला भेटू?"

त्या वेळी मी त्याला हसण्यावारी नेले. नंतर मात्र या दोन देशांत एवढा फरक कसा पडला, ते शोधू लागलो. विलायतेत ज्या घरी दूरचित्रवाणीचे प्रसारण पाहिले जाते त्या घराने वर्षाला परवाना शुल्क भरायचे आणि त्यावर बी.बी.सी.ने चालायचे, अशी पद्धत आहे. तेथील प्रेक्षकांसाठीच्या तिच्या वाहिन्यांवर जाहिराती नसतात. मालिका लांबविली म्हणून तिचे उत्पन्न वाढत नाही. एकदोन लेखक बसून सहा भाग लिहितात आणि उठतात. 'फॉल्टी टॉवर्स' ही हॉटेलावरची प्रसिद्ध मालिका घ्या: १९७५ साली सहा भाग, १९७९ साली सहा भाग, बस्स. अमेरिकेत दूरचित्रवाणी पहिल्यापासून जाहिरातदारांच्या पैशावर उभी राहिली. तेथे वर्षाला वीस-बावीस भाग व्हायचे आणि शंभराच्या आसपास भाग साठले की ती मालिका गावोगावच्या केंद्रांना रोज दाखविण्यासाठी पुन्हा विकता यायची. एकट्या लेखकाला हे कसे झेपणार? म्हणून तेथे दहा-बारा लेखक एका खोलीत बसून कारखान्यासारखे काम करू लागले. सारांश, मालिकेची लांबी ही कलेइतकीच हिशोबाचीही बाब आहे. अर्थात विलायत सगळी आखूडच, असेही नाही. मँचेस्टरकडच्या कामकरी वस्तीवरची 'कोरोनेशन स्ट्रीट' तेथील व्यापारी वाहिनीवर डिसेंबर १९६० मध्ये सुरू झाली ती आजही चालू आहे.

येथपर्यंत माझे म्हणणे सरळ होते: विलायती मालिका म्हणजे कारागिराचे काम, अमेरिकन म्हणजे गिरणीचा माल, आणि आपल्या रोजच्या मराठी मालिका म्हणजे त्या मालाचीही नक्कल. हे मत मी बरीच वर्षे अभिमानाने बाळगले. ते मोडले एका बिडी वळणाऱ्या बाईने.

गोष्ट २००६ सालची. छाटीचा प्रश्न पेटला होता. छाट म्हणजे काय, हे येथल्या पुष्कळांना ठाऊक आहे, इतरांसाठी सांगतो. बाई घरी बसून हजार बिड्या वळते. नेऊन दिल्या की सट्टेदाराचा माणूस त्यातल्या काही 'खराब' म्हणून बाजूला काढतो आणि त्यांची मजुरी कापतो. त्या खराब बिड्यांचे पुढे काय होते, हे बाईला दिसत नाही. या प्रश्नावर मी एका गावी रात्री आठ वाजता सभा ठेवली. कंदील, सतरंजी, फलक, सगळी सिद्धता. आले अकरा पुरुष. बाया तीन, त्याही म्हाताऱ्या. बिड्या तर बायाच वळतात! चौकशी केली तेव्हा कळले की त्या वेळी केबलवर मालिका असते. मला संताप आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या वस्तीत गेलो आणि एका ओसरीवर बसलेल्या पाचसहा जणींना पुष्कळ बोललो. पोटावर पाय पडतो आहे आणि तुम्ही सासू-सुनांची भांडणे पाहता, आवड असती तर सवड काढली असती, वगैरे.

त्यांतली एक पन्नाशीची बाई बिडीला दोरा गुंडाळता गुंडाळता, मान वर न करता म्हणाली, "भाऊ, आमी मालिका पायत नाई, आयकतो. डोरे तं पानावरच रायतेत. हजाराचा हिसाब रातीच पुरा करा लागते. मालिका अर्धी चुकली तरी दुसऱ्या दिवशी समजूनच जाते, ते पुन्यांदा सांगतेत. तुमची सभा तशी हाय का? तिथं हात बांधून बसा लागते. अन् तुमी एकडाव बोलून गेले का गेले."

मी काही न बोलता परत आलो. तीस वर्षे मी कामाच्या तासांवर बोलतो आहे; पण त्या बाईच्या दिवसात किती तास आहेत, हे मी कधी मोजले नव्हते. पहाटे भिजविलेली पाने कापायची, मग स्वयंपाक, मग धानाच्या दिवसांत शेत, दुपारपासून मांडीवर सुपडे. कारखान्याला भोंगा असतो, तो वाजला की काम सुटते. घरच्या बिडीला भोंगा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४६ साली, कारखान्यांतील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती झाली. बिडी कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला. पण घराच्या ओसरीवर घड्याळ कोणी टांगले?

त्या बाईचे बोलणे डोक्यात घेऊन मी रोजच्या मालिकेचा उगम शोधला, आणि तो सापडला तेव्हा मी थक्क झालो. रोजची मालिका दूरचित्रवाणीवर जन्मलीच नाही. ती जन्मली अमेरिकेच्या रेडिओवर. शिकागो येथे १९३० साली अर्ना फिलिप्स नावाच्या बाईंनी 'पेंटेड ड्रीम्स' ही रोजची श्राव्य मालिका लिहिली. पुढे साबणाच्या कंपन्यांनी अशा मालिकांना पैसा पुरविला आणि त्यांना 'सोप ऑपेरा' हे चेष्टेचे नाव पडले. ऐकणारी कोण? दुपारी घरात धुणे, भांडी, शिवण करणारी बाई. तिचे हात कामात आणि कान मोकळे. म्हणून गोष्ट सावकाश चालवायची, एकच गोष्ट तीनतीनदा सांगायची, पात्रांनी एकमेकांना नावाने हाक मारायची, म्हणजे न पाहताही कळावे. आपण ज्याला दोष म्हणून नावे ठेवतो तो सारा त्या कामकरी बाईसाठी केलेला बेत होता! फिलिप्स बाईंचीच 'गायडिंग लाइट' १९३७ साली रेडिओवर सुरू झाली, १९५२ साली दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ साली संपली. बहात्तर वर्षे! याच शिकागो शहरात १८८६ साली आठ तासांच्या दिवसासाठी कामगारांनी रक्त सांडले, त्याची आठवण म्हणून आपण एक मे पाळतो. आठ तासांची मागणी एका शहराची आणि ज्यांना आठ तास कधी मिळालेच नाहीत त्यांची मालिकाही त्याच शहराची.

आता माझी विलायती मालिका पाहा. ती पाहायची तर डोळे हवेत, कान हवेत, चित्त हवे. एक वाक्य निसटले की विनोद गेला. म्हणजे तिला रिकामे हात लागतात. माझे हात रिकामे होते म्हणून मला ती आवडली. आणि मी समजत होतो की माझी अभिरुची मोठी!

आपल्याच देशाची कथा काढली तरी हेच दिसते. आपण दूरदर्शन उभारले ते विलायती वळणाचे: सरकारी, संथ, थोडे मास्तरी. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव तेथे दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने भेटे. जाहिराती आल्या १९७६ साली, रंग आला १९८२ साली. त्या वेळी प्रसारणमंत्री होते आपल्या विदर्भाचे वसंतराव साठे. त्यांनी मेक्सिकोत पाहिलेल्या मालिकांवरून १९८४ सालच्या 'हम लोग'ची कल्पना निघाली, असे सांगतात. मग आले 'रामायण', जानेवारी १९८७ ते जुलै १९८८, दर रविवारी सकाळी. मी तेव्हा पोरसवदा. एका व्यापाऱ्याच्या अंगणात शंभर माणसांत बसून ते पाहिले. आज मला त्यातली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते: तो रविवार होता. आणि गिरणीकामगाराचा रविवार कोणी मिळवून दिला? नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ साली त्यांनी गिरणीकामगारांची संघटना उभारली, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. हातमजुरीवर जगणाऱ्या कितीतरी घरांनी 'रामायण' निवांत पाहिले ते लोखंड्यांच्या पुण्याईवर. पण त्या सकाळी त्यांचे नाव कोणी काढले नाही.

१९९१ साली उपग्रह वाहिन्या आल्या आणि आपण विलायती वळण सोडून अमेरिकन वाटेला लागलो. मराठीत 'दामिनी' ही रोजची मालिका दूरदर्शनवरच झाली. पुढे 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ अशी चालली आणि तिचे तीन हजारांवर भाग झाले. शहाण्यांनी नावे ठेवली. त्यांत मी होतो.

कोणी म्हणेल, खेड्यातल्या माणसाला लांबच आवडते, ती त्याची जातच. तसे म्हणावे तर आपली झाडीपट्टी पाहा. येथे नाटक रात्री दहाला उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. पण ते केव्हा? दिवाळीनंतर, मंडईच्या नि शंकरपटाच्या दिवसांत, धान कापून झाल्यावर. तेच माणूस आषाढात रोवणीच्या चिखलात असताना त्याच्यासमोर कितीही गाजलेले नाटक उभे करा. तो पहिल्या अंकातच झोपेल. आणि माघात तोच माणूस रात्रभर ताठ बसून नटाचा चुकलेला शब्द पकडतो, हे येथल्या नटमंडळींना विचारा. माणूस एकच, आवड एकच. सवड बदलली की प्रेक्षक बदलतो.

येथे एक शंका मी स्वतःच घेतो. तर मग जे चालले आहे ते सारे छान, असे मी म्हणतो काय? मुळीच नाही. साबण विकणाऱ्याने कामकरी बाईची अडचण ओळखली, हे खरे. पण ती दूर व्हावी म्हणून नव्हे, तिचा उपयोग व्हावा म्हणून. ती बाई कायम सुपड्यामागेच बसलेली त्याला हवी असते. शिवाय रोजची मालिका करणारेही कामगारच. बारा-बारा तासांच्या पाळ्यांत ती तयार होते. २००८ साली मुंबईत मालिकांची कामे थांबली तेव्हा वाहिन्यांना जुनेच भाग पुन्हा दाखवावे लागले. २०२३ साली अमेरिकेतील लेखक १४८ दिवस संपावर होते. त्यांची एक मागणी अशी की यंत्राकडून लिहून घेऊन आमच्या पोटावर मारू नका. आणि गंमत पाहा, मुलाच्या त्या अमेरिकन 'ऑफिस'मध्ये एका भागात गोदामातले कामगार संघटना करण्याचे बोलू लागतात, तर वरची अधिकारी बाई खाली उतरून बजावते की तसे काही झाले तर शाखाच बंद केली जाईल. मी आणि मुलगा तो भाग एकत्र पाहत होतो. मी म्हटले, "हे तर आपल्याकडचेच." तो म्हणाला, "म्हणूनच पाहतो, बाबा." गोदामात काम करणाऱ्याच्या आवडीला मी पोरखेळ समजत होतो!

छाटीच्या लढ्याचे काय झाले, ते सांगायचे राहिले. मी रात्रीच्या सभा बंद केल्या. रोज दुपारी एका ओसरीवर जाऊन बसू लागलो. बाया बिड्या वळीत आणि मी बोले. एका दिवशी एकच मुद्दा, आणि कालचा मुद्दा आज पुन्हा. हिशोब कसा ठेवायचा, कार्डावर काय लिहून घ्यायचे, छाट काढताना काय विचारायचे. काल चुकली तिला आज समजे. थोडक्यात, ज्या मालिकेची मी टर उडवीत होतो तिचीच रीत मी उचलली. चार महिन्यांनी त्या गावच्या बायांनी एक दिवस सगळ्यांनी मिळून बिड्या नेल्या आणि अट घातली: छाट काढाल ती आमच्या डोळ्यांदेखत मोडून टाका. ती अट मान्य झाली आणि त्या दिवसापासून छाट एकाएकी कमी झाली. मोडून टाकायच्या असतील तर खराब बिड्या कोण कशाला काढील?

गेल्या पोळ्याच्या सुमारास आमच्या मंडळींना तापातून उठल्यावर आठ दिवस काम करू नका असे डॉक्टरांनी बजावले. त्याही जन्मभर बिडीच वळत आल्या. एका संध्याकाळी मी भीत भीत तो रुग्णालयाचा भाग लावला आणि वाक्यावाक्याला थांबवून मराठीत सांगत गेलो. त्या पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "हे आधी का नाई दाखवलं?" मी म्हटले, "वीस वर्षे हेच तर लावतो आहे, तुम्ही कधी मान वर केली नाही." त्या आपल्या हातांकडे पाहून म्हणाल्या, "आज हात रिकामे हायेत ना."

श्रोतेहो, विलायती सरस की अमेरिकन, याचा निकाल मी आपल्या हाती देतो. मला विचाराल तर मी अजून विलायतीच्याच बाजूचा आहे. मात्र यापुढे कोणाला "आवड असली की सवड मिळते" असे ऐकविण्यापूर्वी आपण त्याच्या हातांकडे एकदा पाहावे, एवढीच माझी विनंती. लोखंड्यांनी रविवार मागितला, शिकागोच्या कामगारांनी आठ तास मागितले. ओसरीवरच्या बाईची सवड मागायची अजून राहिली आहे. ती मिळाल्यावर तिला काय आवडेल, ते तिचे तिने ठरवावे.